गुणाजीमामांची शंभर वारांची रेघ

आमच्या शाळेला तंबाखूमुक्त शाळेचं प्रमाणपत्र मिळालं तेव्हा सत्कार माझा झाला. शाल, नारळ आणि कुंडीतलं एक रोप. रोप मी आठ दिवसांत पाण्यावाचून मारलं, आणि मी विज्ञान शिकवते. आमचे मुख्याध्यापक विद्याधर सर भाषणात म्हणाले की रेवतीबाईंनी हे काम एकहाती तडीस नेलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. लोकांना तो विनय वाटला. ती लाज होती, आणि कशाची होती ते सांगायला मला सव्वा वर्ष लागलं आहे.

काम केलं होतं गुणाजी घाडीगावकर यांनी. ते आमच्या घाटकोपरच्या शाळेत तेहतीस वर्षं शिपाई होते. गेल्या फेब्रुवारीत, निवृत्तीला वर्ष राहिलेलं असताना, तोंडाच्या कॅन्सरने गेले. तंबाखूमुक्त शाळेचा शिपाई तंबाखूनेच गेला, हे वाक्य आमच्या स्टाफरूममध्ये पुष्कळ जणांनी चघळून झालं आहे, म्हणून ते मी आधीच लिहून टाकते. पण त्यांच्या तोंडात काहीतरी बिघडलंय हे शाळेत सगळ्यात आधी मला कळलं होतं. आणि ते तोंड डॉक्टरच्या नजरेला पडू नये, अशी व्यवस्था केली तीसुद्धा मीच. याबद्दल कोणी बोलत नाही, कारण कोणाला माहीत नाही.

शाळेत सगळे त्यांना मामा म्हणत. पाचवीतल्या पोरापासून विद्याधर सरांपर्यंत सगळे. अंगाने काटकुळे, पांढरा शर्ट, खिशात किल्ल्यांचा जुडगा, आणि आवाज असा की मधल्या सुट्टीत घंटा नाही दिली तरी चालावं. देवगडकडचे. वडील लालबागला गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर कुटुंब घाटकोपरला भटवाडीत येऊन राहिलं. वडिलांनी मागे फारसं काही ठेवलं नाही. तंबाखूची सवय तेवढी ठेवली.

तिचीही एक गोष्ट होती, ती मामा रंगवून सांगत. गिरणीत विडीला बंदी, कारण कापसाला आग लागेल. म्हणून अख्खं खातं चुना-तंबाखू मळायचं. मामा शाळकरी असताना वडिलांचा डबा घेऊन गिरणीच्या फाटकाशी जायचे, तिथे वडिलांच्या जोडीदारांनी त्यांना पहिली चिमूट दिली. "धूम्रपानबंदीचाच प्रसाद तो, बाई," असं म्हणून ते हसत. मी एकदा व्यसन हा शब्द वापरला तर त्यांना राग आला. "व्यसन दारूचं असतं. ही आपली सवय. मी ओढत नाय, कुठे थुंकत पण नाय. उगाच नाव कशाला ठेवता?"

हे खरं होतं. तेहतीस वर्षांत शाळेच्या भिंतीवर मामांची एक पिचकारी कोणी दाखवावी. त्यांचा डावा गाल जरासा फुगलेला असायचा, इतकंच. मी शाळेत लागले तेव्हापासून तो तसाच पाहत आले होते. मला वाटे, त्यांच्या चेहऱ्याची ठेवणच तशी आहे.

तंबाखूमुक्त शाळेचं लचांड माझ्या गळ्यात पडलं कारण ज्या मीटिंगमध्ये ते वाटलं गेलं, त्या मीटिंगला मी गैरहजर होते. आमच्याकडे कामं अशीच वाटतात. एका संस्थेचं ॲप होतं. त्यात शाळेने निकष पुरे करायचे, फोटो चढवायचे, मग संस्थेची माणसं तपासून जाणार. फलक लावा, शपथ घ्या, पोस्टर स्पर्धा घ्या, आवारात सिगारेटचं थोटूक सापडता कामा नये. हे सगळं आमच्यासारख्यांना सोपं. फोटो काढण्यात आम्ही कोणाला हार जाणार नाही. अडलं ते एका ठिकाणी. शाळेच्या फाटकापासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूचं दुकान नको, आणि शंभर यार्डांवर रस्त्यात पिवळी रेघ मारायची.

पीटीच्या सरांकडची टेप बारा मीटरवर तुटलेली. विद्याधर सर म्हणाले, मोबाइलच्या नकाशावर मोजा. मोबाइल एकदा फाटकापासून मोजे, एकदा मागच्या संडासापासून. मी वैतागून फाटकात उभी होते, तेव्हा मामा म्हणाले, "यार्ड म्हणजे वार ना, बाई?"

"हो. वारच."

"मग ह्यात काय एवढं? माझो बापूस घडी खात्यात होतो. कापड मोजण्यात जन्म गेलो तेचो."

त्यांनी सुतळीचा गुंडा आणला. सुतळीचं टोक नाकाच्या शेंड्याला लावलं, मान वळवली, दुसरा हात खांद्यातून ताठ लांब केला. नाकापासून बोटांपर्यंत एक वार. पुन्हा नाक, पुन्हा हात. अख्खी मधली सुट्टी ते फाटकात उभे राहून नाकाने वार मोजत होते आणि पाचवीची पोरं बरोबरीने आकडे ओरडत होती. शंभर भरल्यावर सुतळी रस्त्याने ताणली. मला शास्त्राचा कंड, म्हणून मी दुसऱ्या दिवशी घरून नवी टेप नेऊन ताडून पाहिलं. दीड हाताचा फरक निघाला, तोही शाळेच्या फायद्याचा.

दशरथाची टपरी त्र्याण्णवाव्या वारावर आली.

दशरथ हा मामांचा वीस वर्षांचा दोस्त आणि त्यांचा तंबाखूवाला. रोज सकाळी शाळा उघडण्याआधी मामांची पुडी तिथेच भरली जायची. मी म्हटलं, वॉर्डात तक्रार देऊ, ते येऊन उचलतील. मामा म्हणाले, "तक्रार नको. त्याच्या पोटावर पाय येईल. मी बोलतो." काय बोलले देव जाणे. दशरथाने चार दिवस त्यांना पुडी दिली नाही, शिव्या मात्र भरपूर दिल्या. पाचव्या दिवशी रविवार होता. त्या दिवशी दोघांनी मिळून, टपरीखाली लाकडाचे ओंडके सारत, ती ढकलत ढकलत शंभराव्या वारापलीकडे शिंप्याच्या दुकानाशेजारी नेऊन ठेवली. सोमवारी मामांनी रेघ मारली. गटाराच्या झाकणापाशी ती जराशी वाकडी आहे. माझ्या फोटोत तो भाग येऊ दिलेला नाही.

रेघ मारली त्या दिवसापासून मामांनी स्वतःला एक नियम घातला. कोणी सांगितला नव्हता. तंबाखूची डबी ते सकाळी दशरथाकडे ठेवून शाळेत येत. साडेअकराला पोरं डबे खायला बसली की मामा फाटकातून निघत, रेघ ओलांडत, टपरीच्या बाकड्यावर बसून चिमूट लावत, पाच-दहा मिनिटांनी खळखळून चूळ भरत आणि परत येत. पावसात छत्री घेऊन जात. मी एकदा म्हटलं, "मामा, त्यापेक्षा सोडा ना." ते म्हणाले, "शाळा सोडूक सांगता की तंबाखू? तंबाखू तर शाळेच्याय आधीपासून आसा." मी हसले. त्या वेळी मला ते हसण्यासारखंच वाटलं होतं, याचा आता राग येतो.

डिसेंबरात ती आंब्याची भानगड झाली.

मुलांच्या संडासाशी मामा सकाळी झाडू घेऊन उभे होते आणि हवेत नाक वर करून हुंगत होते. मला बघून म्हणाले, "बाई, आंब्याचा वास येतोय." मी म्हटलं, कोणी ज्यूस आणला असेल. "नाय. हापूसचा वास आहे. देवगडच्या माणसाला डिसेंबरात हापूसचा वास आला तर काहीतरी काळंबेरं आहे." आम्ही बायका चार दिवस त्यांची चेष्टा करत होतो की मामांना गावची आठवण झाली. पाचव्या दिवशी त्यांनी एक जांभळी, चपटी कांडी माझ्या टेबलावर आणून ठेवली. मला ते हायलायटर वाटलं. मी ते कागदावर घासून पाहिलं. विज्ञानाची बाई म्हणते ना मी स्वतःला!

तो व्हेप होता, आंब्याच्या वासाची वाफ ओढायची बॅटरीवरची सिगारेट. दहावीतल्या यज्ञेशच्या दप्तरात सापडला. यज्ञेश हुशार, गोरागोमटा, वडील बँकेत. माझ्या पोस्टर स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस होतं. पोस्टरवर त्याने सिगारेटच्या टोकाला कवटी काढली होती.

विद्याधर सरांकडे गेलं तर पोराला शाळेतून काढतील, म्हणून मामांनी आधी स्वतःच त्याला घंटेखालच्या कोपऱ्यात घेतला. मी वह्यांच्या गठ्ठ्यासह जिन्याच्या वळणावर होते. त्यांना मी दिसत नव्हते.

यज्ञेश म्हणत होता, "मामा, ह्यात टोबॅको नसतो यार. नुसता फ्लेवर. वाफ आहे वाफ."

"माझा बापूस पण तेच सांगायचा," मामा म्हणाले. "ह्यात धूर नाय, आग नाय, नुसती पानं. बरं, एक कर. तीन बोटं जुळव, उभी धर आणि तोंडात घाल."

"कशाला?"

"घाल म्हणतो ना!"

यज्ञेशने घातली. सहज गेली.

"आता माझी बघ." मामांनी तोंड उघडलं. दोन बोटं गेली. तिसरं घुसवायचा त्यांनी प्रयत्न केला, मान मागे टाकून केला, पण ते दाताशीच अडलं. मामा हसायला लागले. "बघितलंस? गाल आतून ताडपत्रीसारखा झालाय. वडापाव आता कुस्करून खातो मी. तुला असं पाहिजे काय? लग्नात नवरीने घास भरवायला घेतला, तर म्हणशील, थांब, आधी कुस्कर."

यज्ञेश हसला नाही. त्याने कानाला हात लावला आणि मग रडला. घरी नेऊन पोचवेपर्यंत मामा त्याच्याबरोबर होते, आणि वडिलांना काय सांगायचं तेही त्यांनीच सांगितलं. त्या पोराने परत त्या कांडीला हात लावला नाही. आता तो इंजिनीअरिंगच्या पूर्वतयारीत आहे, रस्त्यात भेटतो, वाकून नमस्कार करतो. मला करतो! खरं तर करायला नको.

कारण तीन बोटांची परीक्षा म्हणजे काय हे यज्ञेशला माहीत नव्हतं, मला होतं. तंबाखूमुक्त शाळेच्या आमच्या प्रशिक्षणात एका दंतवैद्य बाईंनी ती आमच्याकडून करवून घेतली होती. तोंड तीन बोटं उघडत नसेल तर आत गाल आखडतोय, पुढे पांढरे चट्टे, पुढे ते वाईट. लगेच तपासून घ्या, लवकर सापडलं तर माणूस वाचतो, असं त्या दोनदा म्हणाल्या होत्या. मी वहीत लिहून अधोरेखित केलं होतं. जिन्याच्या वळणावर मी सगळं पाहिलं आणि मला सगळं समजलं.

दुसऱ्या दिवशी मी मामांना म्हटलं, "तुमचं तोंड दाखवायला हवं. मी येते बरोबर." ते म्हणाले, "जाऊ या की." मी म्हटलं, "जानेवारीत आपल्याकडेच शिबिर आहे, तेव्हा बघतील." हे मी मनापासून म्हटलं होतं, एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवते.

शिबिर म्हणजे एका दंत महाविद्यालयाची गाडी शाळेत येणार, आधी कर्मचाऱ्यांची तोंडं तपासणार, मग आठवी ते दहावीच्या मुलांची. त्याच आठवड्यात संस्थेची माणसं प्रमाणपत्रासाठी यायची होती. शिबिराचा अहवाल त्यांच्या ॲपवर जोडायचा होता. त्यात एक रकाना होता. शाळेतील तंबाखू सेवन करणाऱ्या कर्मचाऱ्यांची संख्या.

विद्याधर सरांनी मला बोलावून विचारलं, "तिथे शून्य येईल ना, बाई?"

मी म्हटलं, "येईल."

मामांचं सर्वांना ठाऊक होतं. सरांनाही होतं. पण सर म्हणाले की शून्य नसेल तर ज्याचं नाव येईल त्याला मेमो द्यावा लागेल, संचालक मंडळाने तसा ठराव केलाय. मी बाहेर आले आणि स्वतःला समजावलं की मामांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत, या वयात मेमो नको. मी त्यांना वाचवते आहे. किती गोड समजूत! मेमोची भीती खोटी नव्हती, पण नुसती तेवढीच नव्हती. सहा महिने मी त्या ॲपवर फोटो चढवत होते. शेजारच्या शाळेला मागच्या वर्षी प्रमाणपत्र मिळालं होतं आणि तिथल्या बाई प्रत्येक बैठकीत ते ऐकवत होत्या. मला तो शून्य हवा होता. मला तो इतका हवा होता की त्यासाठी माणूस खोडावा लागला तर मी खोडला असता, आणि खोडला.

शिबिराच्या दिवशी सकाळी नऊला मी मामांच्या हातात फाइल दिली. पाण्याच्या जोडणीचा अर्ज वॉर्ड ऑफिसात द्यायचा होता.

ते म्हणाले, "हा अर्ज परवा दिला तरी चालेल ना, बाई? आज गाडी यायची आहे. पोरांच्या रांगा कोण लावणार?"

"आजच द्या. रांगा मी बघते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाले, "बरं."

"आणि घाई करू नका," मी म्हटलं. "सावकाश या."

गाडी दुपारी पावणेदोनपर्यंत होती. चौदा शिक्षक, दोन कारकून, एक आयाबाई. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांच्या तोंडात टॉर्च मारला. मला दोन दाढा किडल्याचं कळलं. रकान्यात शून्य आला. मामा दोन वाजता परतले, मी विचारलं, "झालं काम?" ते म्हणाले, "झालं." पुढच्या महिन्यात प्रमाणपत्र आलं, शाल आली, आणि ते रोप आलं.

मग काय? मग दहावीची परीक्षा. मी मामांना म्हटलं, परीक्षा झाली की नक्की. परीक्षा झाल्यावर पेपर तपासणी. मे महिन्यात ते देवगडला गेले. जूनमध्ये प्रवेश. पावसाळ्यात मला मतदार यादीचं काम लागलं, घरोघर फिरून माझेच पाय मोडले. मधूनमधून मी विचारायची, "मामा, तोंड कसं आहे?" ते म्हणायचे, "आहे आपलं." मला हवं ते उत्तर मिळालं की मी पुढे जायची. दिवाळीनंतर स्टाफरूममध्ये फराळाचे डबे उघडले, तेव्हा मामा चकली चहात बुडवून, मऊ करून, शेंड्याशेंड्याने खात होते. मालनवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, खास त्यांच्यासाठी बेसनाचे लाडू दुधात कालवून वाटीत दिले होते. सगळे त्यांना हसले. मी हसले नाही, आणि मी त्या दिवशीसुद्धा काही केलं नाही.

डिसेंबरात गालाला बाहेरून गाठ दिसायला लागली, तेव्हा परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं. या वेळी मी गेले बरोबर. वरातीमागून घोडं. तरुण डॉक्टर होता, मराठीच. त्याने विचारलं, वर्षभरात कधी तोंड तपासून घेतलं होतं का? शाळेत शिबिरं होतात आजकाल. मामा माझ्याआधी बोलले. तोंड नीट उघडत नव्हतं, शब्द दातांतून येत होते. "नाय. राहूनच गेलं." डॉक्टर म्हणाला, आठ-दहा महिने आधी आला असतात तर गोष्ट वेगळी होती. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त लिहीत राहिला.

ऑपरेशनमध्ये डावा जबडा आणि जिभेचा बराच भाग गेला. जानेवारीच्या शेवटी मी भटवाडीत त्यांना भेटायला गेले. चढ चढून जावं लागतं, वाटेत दोनदा थांबले. एका खोलीचं घर, वर पोटमाळा. मामा खाटेवर उशीला टेकून बसले होते. नाकात नळी, गळ्याभोवती पट्टी. मला पाहून त्यांनी हात जोडले. मी शाळेच्या गोष्टी सांगत बसले. यज्ञेशचं सांगितलं. नवीन शिपाई घंटा कशी चुकीची देतो ते सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत हसू आलं. बोलता येत नव्हतं. पाटीवर लिहायचे, पण त्या दिवशी हात थरथरत होता, म्हणून पाटी बाजूलाच होती.

मालनवहिनी पेज गाळत होत्या. गाळता गाळता म्हणाल्या, "बाईनू, एक इचारू? तुमका म्हायत असात."

"विचारा ना, वहिनी."

"गेल्या जानेवारीत शाळेत दातांचे डॉक्टर इल्ले, त्या दिवशीची गोष्ट. ह्ये घराक इले आणि हसान सांगूक लागले. म्हणे, वॉर्डातला काम अर्ध्या तासात झाला. धाव्वाजता ह्ये शाळेच्या गेटवर परत. गाडी थयच उभी. ती डॉक्टरीण खाली उतारली आणि ह्येंका इचारूक लागली, काका, तुम्ही शाळेचेच ना, तुमचं तोंड बघायचं राहिलंय का? तर ह्येनी काय सांगल्यानी? सांगल्यानी, मी शाळेचो नाय. मी वॉर्डातसून फाइल घेवन इलंय."

वहिनींनी उरलेली पेज गाळणीत ओतली.

"आणि मगे दोन वाजेपर्यंत त्या दशरथाच्या बाकड्यार बसान ऱ्हवले. गाडी जायसर." त्यांनी गाळणी खाली ठेवली. "तेतीस वर्षां ह्येनी शाळा शाळा केल्यानी. माझ्या बाळंतपणाक पण ह्ये शाळेत. गावाक गेले तरी घंटेच्या टायमाक जागे. आणि नेमक्या त्या दिवशी मी शाळेचो नाय म्हणान कित्याक सांगल्यानी? ती बाय नुसती तोंडात बघणार हुती. दोन मिन्टांचा काम. मी ह्येंका कितीदा इचारलंय. सांगणत नाय. तुमका काय म्हायत आसा?"

मला माहीत होतं. मामा दहा वाजता फाटकाशी आले होते आणि डॉक्टरीण समोर उभी होती. आत अंगणात मी रांगा लावत होते. त्यांनी मला पाहिलं असणार. मी सांगितलं होतं सावकाश या, आणि ते लवकर आले होते, आणि समोरून विचारणा आली तेव्हा माझा शून्य मोडू नये म्हणून त्यांनी स्वतःची शाळा नाकारली. फाइल का दिली हे त्यांना सकाळीच कळलं होतं. "बरं" म्हणताना कळलं होतं.

मी तोंड उघडलं. खरंच सांगणार होते. शब्द जमवत होते.

तेवढ्यात खाटेवरून मामांनी हात वर केला. मालनवहिनींकडे बघून त्यांनी तो हलवला, राहू दे, कशाला ते आता, असा. मग माझ्याकडे वळून तसाच हलवला.

आणि मी राहू दिलं.

"नाही हो, वहिनी," मी म्हटलं. "मला काय माहीत?"

त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा गाळणी उचलली. मी मामांकडे पाहायचं टाळून पर्स आवरू लागले. त्यांना बोलता येत नव्हतं. ऐकू मात्र सगळं येत होतं.